एक वर्षाची गॅरंटी

आबांच्या पायांचा विषय निघाला की आई म्हणायची, "त्येंच्या पायाला डोळं हाइत." पाठीवर पोतं आलं की माणसाची मान वर होत नाही. नजर पडते ती पुढच्या दोन हातांवर, त्यापलीकडचं सगळं पायानंच बघायचं. ट्रकच्या फाळक्यापासून गाळ्याच्या ओट्यापर्यंत टाकलेली फळी किती लवतेय, ओली कुठं आहे, मधे खिळा वर आलाय का, हे आबांना तळव्यातून कळायचं. म्हणून ते आयुष्यभर टायरची पायताणं घालत आले. पातळ झाली की आणखी बरी, म्हणायचे.

आम्ही पाटण तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात गावातली आठ-दहा पोरं मुंबईला गेली, त्यात आबा. मस्जिद बंदरला गावाची एक खोली होती. रात्रपाळीवाले उठले की त्यांच्याच वळकटीवर दिवसपाळीवाल्यांनी आडवं व्हायचं. दाणाबंदरात टोळीत लागायचं तर आधी मुकादमाच्या नजरेत भरायला हवं, आणि मुकादम पहिल्यांदा बघायचा तो पाय. पाय वाकडा पडतो का, टाच आधी टेकते का. मग दंड. शिकलाय किती, ते कुणी विचारत नव्हतं.

पुढं सगळा बाजारच खाडी ओलांडून वाशीला आला. कांदा-बटाटा 1981 च्या सुमाराला आधी आला, किराणा आणि धान्य 1991 मध्ये, आणि भाजी-फळं 1996 ला. इथं ना बंदर, ना जहाज. तरी धान्य मार्केटला आजही दाणाबंदरच म्हणतात. माणसं नाव सोडत नाहीत. आम्ही मागोमाग कोपरखैरण्याला आलो, माथाड्यांच्या वसाहतीत. मी तेव्हा दहावीत होतो.

तेव्हापासून आमच्या घरचं धुणं बघून सांगता यायचं, आज आबा कुठल्या गल्लीत होते. टोळी धान्याची असली तरी कधी अडीनडीला मसाला मार्केटला बदली जावं लागायचं. हळद उतरवली की बनियन पिवळी, आणि ते पिवळं जन्मात जायचं नाही. गूळ असला की सदरा पाठीवर कडक व्हायचा, मुंग्या त्याचा माग काढत दारापर्यंत यायच्या. मिरची असली तर आई ते कपडे हात न लावता काठीनं उचलून वेगळ्या बादलीत टाकायची. तरी रात्रभर तिच्या बोटांची आग व्हायची. तिनं एकदा हात परातीतल्या ताकात बुडवून बसलेली मी पाहिलीय. आबांचे सदरे ती मांजरपाटाचे शिवून घ्यायची, पाठीवर दुहेरी कापड लावून. हे दुहेरी कापड फाटलं की त्यावर तिसरं. शेवटी शेवटी मूळ सदरा कुठला आणि ठिगळ कुठलं हे तिलाही सांगता आलं नसतं. पण टाकायचं नाव नाही. "टिकतंय की अजून," एवढंच.

पावसाचं म्हणाल तर, गावाकडनं आणलेलं घोंगडं खोलीत होतं, पालच्या खंडोबाच्या जत्रेत आजोबांनी घेतलेलं. चिंचोक्याची खळ दिलेलं, नवं असताना पत्र्यासारखं ताठ. पाऊस लागला की लोकर फुगते, दाट होते, आणि पाणी आत यायला वेळ लागतो. पण घोंगडं घेऊन पोतं उचलता येत नाही, म्हणून मार्केटला आबा रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावरून घ्यायचे. एकदा मी रेनकोट आणून दिला. दोन पावसाळ्यांत त्याचा आतला थर पापुद्र्यासारखा सुटून सदऱ्याला चिकटायला लागला. घोंगडं अजून आमच्या गावच्या घरी आहे.

बुटांचं प्रकरण 2003 चं.

मी तेव्हा तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर लागलो होतो. तिथं कामगारांना वर्षातून एकदा सेफ्टी बूट मिळत. मीच ते वाटायचो आणि रजिस्टरवर सही घ्यायचो. पुढं बोटांवर पोलादी वाटी, खाली जाड तळ. बारा किलोची पेटी उचलणारा माणूस पोलादी वाटीत पाय घालतोय, आणि आमचा बाप पन्नास वर्षांचा होऊन टायरच्या चपलेत पोती वाहतोय, हे मला रोज टोचायचं. त्यांच्या उमेदीत साखरेचं, तांदळाचं पोतं शंभर किलोचं होतं. हळूहळू ते पन्नासवर आलं. बाहेरच्या जगाला हे कधीच उमगलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 सालीच शिफारस केली होती, की एका माणसानं पंचावन्न किलोच्या वर उचलू नये. इकडं माथाड्यांना त्यासाठी पुढं किती वर्षं भांडावं लागलं! पन्नासच्या वरची गोणी आली की उतरवणार नाही, हे भांडण कांदा-बटाटा मार्केटला अगदी अलीकडेपर्यंत चालू होतं.

तर पहिल्या बोनसमधून मी एका चांगल्या दुकानातून आबांसाठी बूट घेतले. साडेनऊशे रुपये. आमच्या घरात पायात घालायच्या वस्तूला एवढे पैसे कधी पडले नव्हते. दुकानदारानं डब्यात एक कार्ड टाकलं, त्यावर शिक्का मारला, तारीख घातली आणि म्हणाला, "एक वर्ष गॅरंटी. काहीही झालं तर घेऊन या."

आबांनी बूट घालून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

"कसे हाइत?"

"चांगलं हाइत. पर पाय कळंना ह्यात."

मी म्हणालो, सवय होईल. माझा चेहरा बघून ते पुढं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बूट घालून कामावर जायला लागले. टोळीतल्यांनी त्यांना 'साहेब' म्हणून घेतलं. तेही हसून घेतलं असणार त्यांनी.

तिसऱ्या आठवड्यात, जुलैचा पाऊस धो धो पडत होता, उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. सुटला म्हणजे सगळा निघाला नाही, जबडा उघडावा तसा उघडला. पायताण असतं तर आबांना पहिल्या पावलाला कळलं असतं. बुटात कळलं नाही. तो उघडा जबडा फळीच्या कडेला अडकला आणि तांदळाच्या पोत्यासकट आबा खाली आले. पोतं डाव्या गुडघ्यावर.

दीड महिना घरी होते. टोळीनं त्यांचा वाटा थांबवला नाही. हे टोळीचं जुनं वळण आहे, त्याला कुठं कागद नाही. कागदाचं म्हणायचं तर माथाड्यांचा खरा कागद म्हणजे 1969 चा कायदा. अण्णासाहेब पाटलांनी माणसं गोळा केली, संप केले, तेव्हा कुठं तो झाला. त्याआधी हमालाला ना पगाराची तारीख, ना फंड, ना सुट्टी. काम असेल तर दाम, पडला तर त्याच्या गावी पाठवून द्या. कायद्यानं मंडळ आलं, व्यापाऱ्यानं मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं ती माणसाला पोचवायची, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. आबा पगाराची चिठ्ठी नीट घडी घालून ट्रंकेत ठेवत. सगळ्या चिठ्ठ्या होत्या त्यांच्याकडं, मस्जिद बंदरपासूनच्या.

गुडघा जरा वाकायला लागल्यावर मी त्यांना घेऊन त्या दुकानात गेलो. खरं तर एकट्यानं जायचं होतं, पण मला वाटलं, दुकानदारानं माणूस बघावा. बूट, डबा, कार्ड, पावती, सगळं बरोबर.

काउंटरवरच्या मुलानं तळ हातानं उघडून बघितला, पुन्हा मिटला. कार्ड वाचलं. मग आबांकडं बघून मला विचारलं, "काका काम काय करतात?"

"माथाडी. एपीएमसीला."

"मग अवघड आहे, सर. गॅरंटी सर्वसाधारण वापराला आहे. ओझं उचलणं, पाण्यात वापरणं हे त्यात येत नाही. इथं लिहिलंय बघा."

लिहिलेलं होतं. मुंगीएवढ्या अक्षरांत, कार्डाच्या मागं. मी तावातावानं म्हणालो, की सेफ्टी बूट माणूस काय लग्नात नाचायला घेतो का? कष्टाच्या कामाला म्हणूनच विकता ना? तो मुलगा तरी काय करणार. आतून मालक आला, पावतीवरच्या ओळीवर बोट ठेवलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आबा एवढा वेळ गुडघा धरून उभे होते. कुणी खुर्ची दिली नव्हती. ते म्हणाले, "चल. त्येंचं बी बरोबर हाय. आपला वापर जरा जास्तच हाय."

त्यांचं ते वाक्य मला बुटाच्या पैशापेक्षा जास्त लागलं. दाणाबंदरात तीस वर्षं आबांनी जे केलं, ते त्यांच्या लेखी सर्वसाधारण होतं. तीन हजार माणसं रोज पहाटे तेच करत नव्हती का? पण दुकानात उभे राहिल्यावर त्यांनाही वाटलं, की आपलं जगणं गॅरंटीच्या बाहेरचं आहे.

तेव्हा मला कायदा ठाऊक नव्हता. ग्राहक संरक्षणाचा कायदा 1986 पासून होता, आपल्याकडं तक्रार मंच होता, साध्या कागदावर अर्ज देता आला असता. पावतीवर 'माल परत घेणार नाही' छापलं म्हणून सदोष वस्तूची जबाबदारी झटकता येत नाही. आणि 2019 च्या नव्या कायद्यानं तर स्पष्टच सांगितलंय, की पावतीवर मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत सदोष वस्तू परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा. आमचे बूट तीन आठवड्यांत गेले होते. पण आम्ही दुकानात गेलो दीड महिन्यानं, गुडघा वाकल्यावर. त्या हिशेबानं तरी काय झालं असतं, कोण जाणे. हे वाचलेले सगळे हिशेब मी रात्री अंथरुणात पडून कितीदा केलेत.

घरी जाताना आबा म्हणाले, मार्केटच्या फाटकाशी थांब. तिथं भिंतीला टेकून एक मामा बसायचे. वर ताडपत्री, समोर लोखंडी तिवई, रापी, आरी, मेणाचा गोळा, टायरच्या कापलेल्या पट्ट्यांचा ढीग. सोलापूरकडचे. मार्केट मस्जिद बंदरला होतं तेव्हाही ते होते, माल आला तसे तेही आले. मामांनी बूट हातात घेतला, वास घेतल्यासारखं नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "नुस्तं चिकटवलंय. टाका न्हाई एक."

दोन्ही बूट शिवून देतो म्हणाले. पण आबांनी ते घेतले नाहीत. टोळीतल्या एका पोराला देऊन टाकले, आणि स्वतः नवी टायरची पायताणं करून घेतली. टायरचं रबर गंधक घालून शिजवलेलं असतं, आत दोऱ्याचे थर असतात, हजारो किलोमीटर डांबरावर घासूनही त्यात माणसाच्या दोन-चार वर्षांच्या चालण्याएवढा जीव उरतो. मी गंमत म्हणून विचारलं, "मामा, गॅरंटी किती?"

"गॅरंटी कसली? मी हितंच हाय की."

एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवा होतो. पण लेकाच्या मनातलं जात नाही. 2010 मध्ये मी पुन्हा बूट आणले. ह्या वेळी कामाचे नव्हेत, चालायचे. हलके, मऊ तळाचे, घोट्यापर्यंत. आबांना निवृत्तीनंतर वारी करायची होती. गुडघ्याला आधार हवा म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं होतं चांगलं पादत्राण घ्या. पुन्हा कार्ड, पुन्हा शिक्का, पुन्हा एक वर्ष. आबांनी डबा उघडला, बूट बाहेर काढून उजेडात धरले, आत बोटं घालून बघितलं.

"वारीला घालीन," म्हणाले, आणि डबा माळ्यावर गेला.

मी अधूनमधून म्हणायचो, घाला हो, रोज फिरायला जाताना घाला. "आरं, चांगली वस्त हाय, उगा कशाला झिजवायची." दिवाळीला आई डबा खाली काढायची, बूट पुसायची, वर्तमानपत्राचा बोळा बदलायची, परत वर. आमच्या माणसांना नवी वस्तू वापरायला दिवस लागतो. जुनी पूर्ण मरेपर्यंत नवीला हात लावायचा नाही. आजोबांचं एक धोतर असंच पेटीत राहिलं, ते शेवटी त्यांच्या अंगावर कधी घातलं ते सांगायला नको.

2013 ला आबांनी काम सोडलं. पुढच्या वर्षी लोणंदला माउलींच्या पालखीत सामील झाले, गावची दिंडी होती. नवे बूट घालून. लोणंद ते तरडगाव म्हणजे आठेक किलोमीटर, वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण. माणसांच्या दाटीत आबा रिंगण बघायला पुढं सरकले आणि त्यांना वाटलं पायाखाली ढेकळं फुटतायत. बघतात तर डाव्या बुटाचा तळ. सुटला नव्हता, चुरा होऊन पडत होता, वाळलेल्या भाकरीसारखा. थोड्या वेळानं उजव्याचा.

हे असं होतं, हे मला नंतर कारखान्यातल्या एका जाणत्या साहेबानं सांगितलं. असले मऊ, हलके तळ बहुधा पॉलियुरेथेनचे. हवेतला ओलावा त्यात शिरतो आणि आतले धागे हळूहळू तोडतो. बूट वापरा, न वापरा, ते चालूच असतं. दमट, उबदार जागी जास्त वेगानं. आमचा माळा पत्र्याखाली, आणि पलीकडं खाडी. वापरातले बूट झिजून जातात, ते दिसतं तरी. हे डब्यात बसल्याजागी संपत होते, आणि वरून कातडं नव्याच्या नवं.

आबा तिथून अनवाणी तरडगावला गेले. तिथं रबरी स्लीपर घेतली आणि तिच्यावर पंढरपूर केलं. मी विचारलं, बूट टाकले का? पिशवीतून काढून दाखवले. तळ गेलेले, नुसते वरचे भाग, आत चंद्रभागेची वाळू. "तुझ्या पैशाचं हुतं," एवढंच म्हणाले. एकशे तीस किलोमीटरच्या आसपास त्यांनी ते ओझं पाठीवर वाहिलं होतं.

मी डबा शोधला. कार्ड होतं, मुदत 2011 लाच गेलेली, एक दिवसही न वापरता. पावती होती, तिच्यावर काही नव्हतं. मशिनवरची गुळगुळीत पावती, चार उन्हाळ्यांत पांढरी पडली होती. दुकानाचं नावसुद्धा उरलं नव्हतं.

रविवारी आम्ही फाटकावर गेलो. मामा आता बरेच वाकले होते. त्यांनी बूट उलटे केले, उरलेला चुरा अंगठ्यानं खरवडला, कातडं दोन्ही हातांनी ताणून बघितलं.

"कातडं झ्याक हाय. किती दीस ठिवलं हुतं?"

"चार वर्सं," आबा म्हणाले, पोरानं चूक कबूल करावी तसं.

"मग आसंच हुनार की, आण्णा. घालायचं असतंय."

त्यांनी टायरचा पातळ तुकडा निवडला. आबांना पाय कळायला लागतो, हे त्यांच्या ध्यानात होतं. आरीनं भोकं पाडून, मेणाच्या दोऱ्यानं कडेनं टाके घातले, गोल, एकेक ओढून. पाऊण तास लागला. आबा पोत्यावर बसून बघत होते. आतून हमालांच्या हाका येत होत्या, हातगाड्या जात होत्या, कुणीतरी ओळखीचं, "काय आबा, परत लागलाय व्हय कामाला?" म्हणून गेलं. दीडशे रुपये झाले. आबांनी बूट तिथंच घातले, स्लीपर पिशवीत टाकली, आणि फाटकातून आत जाऊन दाणाबंदराला एक फेरी मारून आले. मला बाहेर उभं करून.

त्यानंतर ते बूट रोजचे झाले. भाजी आणायला, गावी, शेताच्या बांधावर. 2015 ला अधिक आषाढ आला, वारी लांबली. निघायच्या आधी आबा म्हणाले, एकदा मामांना दाखवून येऊ. फाटलं नव्हतं काही. मी म्हणालो, मग कशाला? तरी गेलो.

मामांनी लांबूनच ओळखलं, आबांना नाही, बुटांना. "माझी शिलाई." चष्मा वर करून टाके चाचपले, मग टाच बघितली. उजवी टाच बाहेरून झिजली होती, डावी जवळजवळ होती तशीच.

"आण्णा, डाव्या पायावर भार देत न्हाईसा तुमी."

"गुडघा हाय त्यो."

मामांनी उजवा बूट तिवईवर चढवला, टायरची एक पट्टी कापली, टाचेखाली धरून अंदाज घेतला, जरा तासली, आणि चार चुका तोंडात धरून ठोकायला घेतल्या. पैसे विचारले तर तोंडात चुका असल्यामुळं नुसती मान हलवली.